टूलबोर्ड: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

मुलाखतींचं पहिलंच रेकॉर्डिंग निम्मं वाया गेलं. पंखा बंद केला होता, फ्रिजचा प्लग काढला होता, घरातल्या पोरांना अंगणात पिटाळलं होतं. आभाळाचा विचार मात्र केला नव्हता. काकांचं घर ओझरच्या धावपट्टीपासून दहा मिनिटांवर. बोलणं रंगात आलं की वरून सुखोई जायचं. काका वाक्य तिथेच सोडून मान वर करायचे, आवाज विरेपर्यंत थांबायचे आणि मग भलतीकडूनच सुरुवात करायचे. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, डावा कान जवळजवळ गेलेला. तरी म्हणाले, "हे दोन इंजिनांचं. आपलं मिग असतं तर रीहीट लागताना छातीत धप्प झालं असतं." (रीहीट म्हणजे इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून मिळवलेला जोर.)

भाचा म्हणाला, मावशी, हा आवाज नंतर साफ करता येईल. मी म्हटलं, राहू दे.

काम काय ते एकदा इथे लिहून ठेवते. हवाई दलात आणि आर्मी एव्हिएशनमध्ये विमानांची देखभाल केलेली, त्यातून उडालेली, आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या आसपास स्थिरावलेली बारा माणसं. प्रत्येकाचा तास-दीड तास. नोव्हेंबरात आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन. निमित्त म्हणजे मिग-२१ येत्या २६ सप्टेंबरला निवृत्त होणार ही बातमी. ती आली त्या दिवसापासून टीव्हीवर एकच शब्द चाललाय, 'उडती शवपेटी'. आमच्या घराने त्या विमानाची भाकरी खाल्ली. बाबा पंधरा वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारे, नंतर निवृत्तीपर्यंत ओझरच्या विमान कारखान्यात. ते जाऊन चार वर्षं झाली आणि मी त्यांना कामाबद्दल एकदाही नीट विचारलं नाही. शाळेत तीस वर्षं मुलांना 'आजोबांची मुलाखत घ्या' असा गृहपाठ देणारी बाई मी.

काकांनी पहिल्याच मिनिटाला अट घातली: आत्ता जे उडतंय त्याबद्दल काही विचारायचं नाही. मान्य. भंगारात किंवा चौथऱ्यावर गेलेल्या जहाजांबद्दलच बोलायचं. (हे सगळे विमानाला जहाज म्हणतात. उत्तरेत काढलेल्या वर्षांची हिंदी, जिभेवरून जात नाही.)

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्रश्नावली फाडून टाकली. माझा दुसरा प्रश्न होता, "तुम्ही अपघात पाहिलात का?" ज्यांना विचारला ते इन्स्ट्रुमेंट फिटर होते, म्हणजे विमानातले काटे-मापकं सांभाळणारे. म्हणाले, "पाहिला. पुढचं विचारा." पुढचं सगळं मग हो-नाहीत गेलं.

आकडे मला माहीत नाहीत असं नाही. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ तोपर्यंत अपघातात गेली आणि १७१ वैमानिक गेले. हे आकडे प्रदर्शनात लावायचेच, झाकायचे नाहीत. पण पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न विचारणं म्हणजे सुईणीच्या घरी जाऊन आधी दगावलेल्या पोरांची यादी मागण्यासारखं आहे.

संध्याकाळी दुसऱ्यांकडे वेगळं विचारून पाहिलं: सकाळी हँगरमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचात? चाळीस मिनिटं थांबले नाहीत.

आधी टूलबोर्ड. पाटीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची रंगाने काढलेली बाह्याकृती. हत्यार उचललं की तिथे आपल्या नंबरचा बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी कोणी घरी जायचं नाही. मग टारमॅकवर, म्हणजे जहाजं उभी राहतात त्या पक्क्या जागेवर, सगळ्यांनी एका ओळीत, खाली मान घालून चालायचं आणि खडा, तार, स्क्रू, दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन समोरची हवा ओढतं, हवेबरोबर खडाही ओढतं. मग जहाजाभोवती ठरलेल्या बाजूने फेरी. आणि शेवटी एफ-७००, जहाजाची वही. कोणी काय केलं, कोणी तपासलं, दोन सह्या. वैमानिक ती वाचून स्वतः सही करतो तेव्हा जहाज त्याचं. उतरून परत सही केली की पुन्हा आपलं.

ते बोलत होते आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. बाबांनी ओट्याच्या वर प्लायवूडचा तुकडा ठोकून त्यावर उलथनं, झारा, सांडशी, किसणी यांच्या आकृत्या निळ्या ऑइलपेंटने काढल्या होत्या. आई चिडायची. आल्यागेल्याला सांगायची, "यांच्या घरी भांड्यांची हजेरी होते." रात्री जेवणं झाली की बाबा चमचे मोजायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो.

२५ ऑगस्ट, सोमवार

इंजिनवाले काका, सिडकोत. परवावर गणपती आलाय, काकूंची लगबग, मागे मिक्सर. त्यांना बोलताना हात लागतात. हात धरून ठेवले तर वाक्यही अडेल.

मिग-२१चं इंजिन काढायचं म्हणजे विमानाचे दोन भाग करायचे. पंखांच्या मागून धड उघडतं. तिथले बोल्ट, शेपटीकडे जाणारे कंट्रोलचे दांडे, हायड्रॉलिकच्या नळ्या, वायरिंगचे प्लग, सगळं एकेक सोडवायचं आणि मागचा अख्खा भाग ट्रॉलीवर घेऊन सरळ मागे ओढायचा. काकांनी टेबलावरचं स्टीलचं फुलपात्र उताणं ठेवलं, त्यात पेला घातला आणि कडेला न लागता बाहेर काढून दाखवला. "एवढी फट. बोट घातलं तर बोट जाईल. ओढणारे सहा जण आणि बोलणारा एकच. दुसरा बोलला की त्याला बाहेर काढायचं."

जोडताना उलट क्रमाने. आणि आत हात पोचतो पण डोळा पोचत नाही अशी जागा असतेच. तिथे बोटांनी बघायचं. नट बसलाय की वाकडा चढलाय हे पहिल्या अर्ध्या आट्यात बोटाला कळतं, असं ते म्हणतात. पाना नंतर लावायचा.

मी विचारलं, विमान म्हातारं होतं म्हणजे काय होतं? मला वाटलं इंजिनाचं सांगतील. म्हणाले, "रबर." सील, होज, गॅस्केट. विमानाचं वय दोन घड्याळांवर मोजतात, उड्डाणाच्या तासांवर आणि कॅलेंडरवर. जे जहाज उडत नाही, शेडमध्ये उभं आहे, त्याचे तास थांबतात. रबर थांबत नाही. वायरिंगवरचं वेष्टण कडक होऊन तडकतं. हायड्रॉलिकचं तेल लाल असतं. सकाळी पोटाखालच्या पत्र्यावर लाल थेंब दिसला की तो कुठून आला ते शोधत जायचं. थेंब पडतो एकीकडे, गळतं दुसरीकडेच, कारण तेल पत्र्याच्या आतून वाट काढत येतं. "महिनाभर एका जहाजावर राहिलं की कळतं ते कुठे गळतं. दुसऱ्याचं वेगळं. एकाच साच्यातली, पण खोडी ज्याची त्याची."

१९९१ला सोव्हिएत संघ मोडला तेव्हा सुट्या भागांची पंचाईत झाली, ते सगळ्यांच्याच बोलण्यात येतं. एक जहाज उभं करायचं आणि त्याचे अवयव काढून बाकीची चालती ठेवायची. त्या उभ्या केलेल्या जहाजावरसुद्धा एक फिटर नेमलेला असायचा. तो रोज त्याची धूळ पुसायचा. असं का, हे मी विचारलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न घेतला.

तांत्रिक नोंद: फोनवरचं आपोआप मराठी लिहून देणारं ॲप कामाचं नाही. 'टॉर्क रेंच'चं 'ताक रेंज' आणि 'लॉकवायर'चं 'लोकव्यवहार' केलं. सगळं हाताने लिहावं लागणार. एका तासाला साधारण सहा तास.

९ सप्टेंबर, मंगळवार

देवळाली कॅम्प. आतापर्यंतचे सगळे जमिनीवरचे होते. हे फ्लाइट इंजिनिअर, वय ब्याऐंशी, म्हणजे विमान बिघडलं तर तेही आत. जहाज पॅकेट, फेअरचाइल्डचं मालवाहू सी-११९. दोन शेपट्या, मधे डब्यासारखं धड. दोन पिस्टन इंजिनं, एकेकाला अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एका इंजिनाचे छत्तीस, दोन्हींचे बहात्तर. "आणि त्यातला एक रुसला तरी मला खुर्चीत कळायचं. आधी बुडाला कळायचं, मग काट्यावर दिसायचं."

सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवायचा. गोल इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल उतरून साठतं. तसंच बटण दाबलं तर तेल दाबलं जात नाही, सळई वाकते. म्हणून तीन-चार जणांनी एकामागून एक पातं ढकलत जायचं आणि मधेच अडलं तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल सोडायचं. लडाखमध्ये पहाटे हे काम हातमोजे घालून. मोजे नसले तर कातडी पात्याला चिकटते.

पॅकेटला त्या उंचीवर दम कमी पडायचा म्हणून पाठीवर ऑर्फियसचं एक जेट इंजिन बसवलेलं होतं. लेहची धावपट्टीच दहा हजार फुटांच्या वर. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी २३ जुलै १९६२ला हेच जहाज दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सोळा हजार फुटांच्या वर. काका तेव्हा भरतीही झाले नव्हते, तरी तारीख-वारासकट सांगतात. घरातल्या थोरल्याचं लग्न सांगावं तसं.

सामान टाकायच्या फेऱ्यांत मागचे दरवाजे काढून ठेवलेले असायचे. मागच्या बाजूला अख्खी भिंतच नाही. तिथे कंबरेला पट्टा बांधलेले एएससीचे, म्हणजे लष्कराच्या पुरवठा विभागाचे, जवान पोती, डबे, जिवंत बकऱ्यासुद्धा ढकलायचे. दरी अरुंद, त्यात वळसा घ्यायचा आणि पुन्हा त्याच ठिपक्यावर यायचं. भीती वाटायची का? म्हणाले, "मला कुठे बाहेर बघायला वेळ? माझ्यापुढे सगळे काटेच. डोंगर पायलटला." मग थोडं थांबून, "तेल गळत असलं की बरं वाटायचं. गळायचं थांबलं म्हणजे टाकीतलं संपलं." गोल इंजिनांवर काम केलेला प्रत्येक माणूस हा विनोद करतो म्हणे. मी पहिल्यांदाच ऐकला, मला हसू आवरेना. भाच्याचा माइक हलला.

निघताना त्यांनी विचारलं, "ओझरवाल्याची मुलगी ना तू? आम्ही उडायचो ते तुझ्या बाबांसारख्यांच्या सहीवर." हे रेकॉर्ड झालं नाही, मशिन बंद केलं होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पिंपळगावच्या काकांकडे सगळे टीव्हीसमोर. सहा माजी सैनिक, चार काकू, मी, भाचा. चंदीगडहून थेट प्रक्षेपण. १९६३ साली जिथे मिग-२१ पहिल्यांदा दाखल झालं तिथेच निरोप. तेवीस नंबर स्क्वाड्रनची जहाजं, हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडवतायत, उतरल्यावर पाण्याची कमान.

निवेदक वैमानिकांची नावं घेत होता आणि इकडे चर्चा वेगळीच. "ब्रेक पॅराशूट छान उघडलं." "घडी कोणी घातलीय बघा, एकदम सरळ आलं." मिग-२१ उतरतं फार वेगात, म्हणून शेपटीच्या मुळाशी हे पॅराशूट. ते पडलं की गाडी जाऊन गोळा करते, वाळवून, झटकून कोणीतरी पुन्हा घडी घालतं. पावसाळ्यात त्या लांबलचक ओल्या कापडाशी झुंजलेले दोन जण या खोलीत होते.

मग शेवटी हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती फॉर्म ७०० दिला. खोली गप्प झाली. इतका वेळ खुर्चीत रेललेले इंजिनवाले काका ताठ बसले. "वही दिली," ते म्हणाले. काकूंनी चहा आणला तो तसाच राहिला.

मी त्या वेळी रेकॉर्डर लावला नव्हता, आणि ते बरंच झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

पिंपळगावच्या काकांनी मुद्दाम आजचा दिवस दिला. पाऊस काही उघडायचं नाव घेत नाही. छाटण्या मागे पडल्यात, मळ्यात घोटाभर चिखल. तरी अवजारांची पूजा झाली: ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या, आणि त्यांच्या शेजारी पाटावर एक लॉकवायरची पकड, झेंडूचं फूल घातलेली.

ब्लोअरजवळ नेऊन त्यांनी दाखवलं. प्रत्येक बोल्टच्या डोक्याला भोक, त्यातून दुहेरी पीळ दिलेली स्टीलची तार, शेजारच्या बोल्टला बांधलेली. विमानात असंच असतं. कंपनाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून. बोल्ट सुटायला लागला तर तारेने त्याला उलट आवळलं पाहिजे, असा ओढ. पीळ इंचाला सहा ते आठ. जास्त दिला तर तार तुटते, कमी दिला तर ढिली राहते. शेवटचं टोक आत वळवायचं, पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून. ओझरला आलेले रशियन त्याला 'कोंत्रोव्का' म्हणायचे. "गावात हसतात मला. म्हणतात, फौजीचा ब्लोअर दागिने घालून फिरतो. पण हंगामात कुणाचा बंद पडला नाही सांगा."

फवारणीची वहीही तशीच. तारीख, औषध, मात्रा, कोणी मारलं, कोणी पाहिलं. दुसरी सही सुनेची.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती.

बाबा आणि ते एकाच तळावर होते. कोणता, ते लिहीत नाही. संध्याकाळी बाबांच्या बोर्डावर दहा नंबरच्या छोट्या पान्याची आकृती रिकामी. कोणाला कळलं नव्हतं. कॅन्टीनमागे भंगाराच्या डब्यात तसाच जुना पाना पडलेला होता, तो आणून अडकवला असता तर प्रश्न मिटला असता. काकांनीच तसं सुचवलं. बाबा काही बोलले नाहीत, सरळ गेले आणि वरिष्ठांना सांगून आले. त्या दिवशी त्यांनी तीन जहाजांवर काम केलं होतं. तिन्ही थांबवली. सकाळचं उड्डाण रद्द. रात्रभर हातदिवे घेऊन सगळ्या सेक्शनची शोधाशोध, आणि बाबांना प्रत्येक जण शिव्या घालतोय.

पहाटे तिसऱ्या जहाजाच्या शेपटीत सापडला. आडव्या शेपटीला हलवणाऱ्या दांड्याच्या खाली, एका कडेवर आडवा पडलेला. काकांनी तर्जनी आणि अंगठा एकमेकांजवळ आणून दाखवलं, मधे किती जागा होती ते.

"मग?"

"मग काय. सात दिवस एक्स्ट्रा ड्यूटी."

"शाबासकी?"

"हत्यार हरवल्याबद्दल शाबासकी असते का, पोरी?"

घरी येऊन कपाट उघडलं. आईच्या मागे स्वयंपाकघर नवं करताना तो प्लायवूडचा तुकडा मीच काढायला लावला होता. माळ्यावर आहे, फेकलेला नाही, एवढं नशीब. सांडशीची आकृती अर्धी पुसली गेलीय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ओझरहून तेजस मार्क १ए उडालं, इथे तयार झालेलं पहिलं. संरक्षणमंत्री आले होते, रस्ते बंद. आजची मुलाखत रद्द. सगळे काका गच्चीवर. इन्स्ट्रुमेंटवाल्या काकांचा फोन आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून: "आवाज ऐकलास? स्वच्छ आहे." अपघाताबद्दल त्यांनी तेव्हाच सांगितलं, फोनवर, दोन मिनिटांत. कोण होता तो मुलगा, सकाळी काय खाऊन गेला होता, वहीवर कोणाची सही होती. चौकशीत जहाजात दोष निघाला नाही. तरी त्यांनी नोकरी संपेपर्यंत प्रत्येक सही करताना पेन एकदा उचललं आणि पुन्हा टेकवलं. हे प्रदर्शनात घालायचं नाही म्हणाले. इथे लिहू का, विचारलं. म्हणाले, नाव घालू नकोस.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाशिकरोडचे हवालदार साहेब, आर्मी एव्हिएशन. चीता हेलिकॉप्टर, सियाचिन. दोनच वाक्यं घेते, बाकी उताऱ्यात आहे. सगळ्यात वरच्या चौक्यांवर इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा पेटेल याचा भरवसा नाही. स्किड, म्हणजे चाकांच्या जागी असलेले दांडे, बर्फाला टेकल्यासारखे ठेवायचे आणि वीस-पंचवीस किलो सामान उतरवून निघायचं. "एक केरोसीनचा डबा न्यायला एक हेलिकॉप्टर, आणि ते हेलिकॉप्टर न्यायला खाली आम्ही आठ जण रात्रभर."

पडताळणीतली अडचण: १४ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ एफएलनी ५७ मिलिमीटरची रॉकेटं डागली. ती रॉकेटं आपण भरली असं माझ्या बारांपैकी दोघं सांगतात. एक जण तारीख १६ सांगतो, ती शरणागतीची. दुसऱ्याच्या सेवापुस्तिकेप्रमाणे तो त्या महिन्यात दुसऱ्याच टोकाला होता. खोटं बोलतायत असं मला वाटत नाही. रॉकेटं दोघांनीही भरलीच होती, त्याच पॉडमध्ये (पंखाखालच्या नळकांड्यात), एका पॉडला सोळा, त्याच थंडीत. कोणत्या जहाजाची कुठे गेली ते फिटरला कोण सांगतं? फलकावर 'रॉकेट भरण्याची आठवण' एवढंच लिहिलं, तारीख काढली. भाच्याला हे पटलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मांडणी. चौदा फलक, चार हेडफोन, अकरा आवाज. बाराव्याने शेवटी नकार दिला. पहिल्या रेकॉर्डिंगमधला सुखोईचा आवाज तसाच ठेवलाय. काकांचं तुटलेलं वाक्य, मग गडगडाट, मग शांतता, मग "हे दोन इंजिनांचं". मधल्या भिंतीवर आमचा प्लायवूड. उलथनं आणि झारा आपापल्या जागी, सांडशी मिळाली नाही, ती जागा रिकामीच. खाली काही लिहिलेलं नाही.

शेजारच्या टेबलावर लॉकवायरचा नमुना मी स्वतः केला होता, लोखंडी पट्टीवर दोन बोल्ट आणि तार. पिंपळगावचे काका दुपारी आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि म्हणाले, "कोणी केलं हे?"

"मी."

"ओढ उलटा आहे. सुटायला लागला की आणखी सुटेल."

खिशातून पकड काढली. तार तोडली, नवी घेतली, पीळ देत गेले. मोजत होते, ओठ हलत होते. टोक कापलं, आत वळवलं, अंगठा फिरवून पाहिला. मग टेबलावरचे कापलेले तुकडे एकेक करून उचलले. एक टेबलाखाली उडाला होता, तो सापडेपर्यंत गुडघ्यावर बसले.

"चार," म्हणाले, आणि माझ्या तळहातावर ठेवले. "मोज."

मी मोजले.